गोदामातला माठ

दुष्काळानं परंड्याजवळच्या आमच्या गावाला एक गोष्ट मात्र दिली, सोसायटीचं रिकामं गोदाम. खत नाही, बियाणं नाही, मग चेअरमननं किल्ली एका निवृत्त ड्रिल मास्तरांच्या हवाली केली आणि तिथं सकाळचा योगवर्ग सुरू झाला. बारदानं जोडून शिवलेल्या बैठका, पिशव्या अडकवायला खुंट्या, बायकांसाठी पडदा लावलेला कोपरा. बारदानाला खताचा वास असा, की प्राणायाम सुरू झाला की निम्मा वर्ग शिंकायचा. तरी इतकी आपुलकीची जागा मी पुढं कुठं पाहिली नाही.

मला दमा होता. शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका मी, आमच्या घरातली पहिली नोकरदार. दुष्काळाच्या धुळीत कविता शिकवता शिकवता श्वास अडकायचा आणि पोरं टकामका बघत राहायची. असंच चाललं तर नोकरी सोडावी लागणार, हे मला दिसत होतं. मास्तर म्हणाले, "या की बाई. श्वास तेवढा घेऊन या, बाकी समदं इथं हाय."

समदं होतं, पाणी सोडून. म्हणून रिवाज पडला होता, की प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणून दारातल्या माठात ओतायचं आणि वर्ग सुटल्यावर सगळ्यांनी त्यातलंच प्यायचं. इथं माझं घोडं अडलं. आमचं घर बौद्ध. आमच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नसे. माठ बाटला असं कुणी म्हणालं, तर वर्गही सुटणार आणि नोकरीही. मग मी शक्कल लढवली. पाण्यात सढळ हातानं मीठ घालून न्यायचं आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, हे जलनेतीचं, नाक धुवायचं पाणी आहे. तांब्या बैठकीशेजारी ठेवायचा आणि तहानेलंच घरी यायचं.

एकदा मी डोळे मिटून बसले होते, तेव्हा लिंगायत वाण्याच्या घरची आजी उशिरा आली. मी ओतायचं विसरले असं समजून तिनं आपल्या तांब्याबरोबर माझाही अर्धवट भरलेल्या माठात रिता केला. वर्ग सुटल्यावर पहिला घोट मास्तरांनी घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"मीठ कुणी कालवलं?"

"माझा तांब्या होता," मी म्हणाले. "नाक धुवायचं पाणी."

"मग बोलायचंस की गं," आजी म्हणाली. "म्या आपली वतून मोकळी झाले."

त्या वर्षी पाणी नासणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. आता आपण हाकलले जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. मास्तरांनी मात्र आणखी मूठभर मीठ मागवलं. "चला, आज समद्यांची जलनेती."

गोदामामागं सगळे ओळीनं नाकं शिंकरत बसले. पाणी लिंबाच्या बुंध्याला गेलं, तेही वाया नको म्हणून. रडता रडता मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी साधं पाणी नेलं, पण माठापाशी हात पुढं होईना. आजी बघत होती. तिनं पेला माझ्यासमोर धरला.

"आधी मला दे. चव बघते, मग वत."

पेला तिनं घटाघटा रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय," ती म्हणाली. "वत आता."

पुढं दमा आटोक्यात आला आणि निवृत्त होईपर्यंत मी कविता शिकवल्या. त्या गोदामाचे उपकार मी मोजते ते मात्र त्या पेल्यापासून. आमच्या घरचं पाणी गावातल्या कुणाला जाणूनबुजून पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.