रेघेच्या आतली जागा

दीड महिन्यापूर्वी याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोन आला. "शेषरावदादा गेले गं..." मग म्हणाली, "या गुरुवारी मी बाजारात बसणार न्हाई." अंगात ताप असला तरी मिरच्यांची टोपली डोक्यावर घेऊन तांड्यावरून निघणारी माझी याडी. तिचं हे बोलणं ऐकून मी औंढ्याच्या शाळेत शिकवता शिकवता, मुलांसमोरच, खुर्चीवर बसले.

शेषरावमामा आमच्या तांड्याजवळच्या गावात ग्रामपंचायतीचे शिपाई होते. दर गुरुवारी सकाळीच, पुढे निवृत्त झाल्यावरही, ते चुन्याच्या फक्कीने बाजाराच्या रेघा आखायचे. रस्ता एसटीला मोकळा, विकणारे रेघेच्या आत. सुरुवातीला याडी त्यांना शिव्याच द्यायची. टोपली वीतभर बाहेर दिसली की मामा हजर. "बाई, रेघेच्या आत." याडी म्हणायची, "एसटी काय माझ्या मिरच्या खायला येऊन राहिली का?" "मिरच्या राहू द्या, पाय जातील तुमचे," म्हणत ते स्वतःच टोपली उचलून आत ठेवायचे.

मी हिंगोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या तांड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. बाप ऊसतोडीला गेलेला, आणि त्यातच याडी बांधावरून पडली, पाय मोडला. पंचायतीचा नियम होता, लागोपाठ तीन बाजार जागा रिकामी राहिली की ती दुसऱ्याला द्यायची. याडीची जागा हातपंपाजवळ, कडुलिंबाच्या सावलीत. सरपंचांनी ती एका चपलावाल्याला देऊ केल्याचं कानावर आलं. ती जागा गेली तर माझं कॉलेजही जाणार होतं. दोन बाजार रिकामे गेले, तशी मी मामांना सांगायला गेले, की आता मीच बसते.

मामा घमेलं धूत होते. "पोरी, तू बसू नको. एकदा बसलीस की उठणार न्हाईस."

"मग पंचायतीच्या वहीत जागा भरलेली लिहा ना, मामा."

ते एकदम चिडले. "रिकामी जागा भरलेली कशी लिहू?"

मी रडतच घरी आले. तरी गुरुवारी राहवलं नाही, बाजारात गेले... तर याडीच्या जागेवर खाकी सदऱ्यातले मामा मांडी घालून बसलेले, पुढे घरच्या झाडाच्या लिंबांची टोपली. बायका हसून राहिल्या होत्या. "काय शिपाईबुवा, नोकरी गेली का?" "नोकरी हाय. लिंबं घ्या." "कशी दिली?" मामांना भावच माहीत नव्हता. "बाजारात कशी चालू हायेत?" त्यांनी उलट विचारलं.

सरपंच आले. "शेषराव, काहून बसून राहिले? रिकामी लिहा अन् मोकळे व्हा."

"रिकामी न्हाई, साहेब. बाईच्या वतीनं मी बसलोय."

"बरं, भरली लिहा. आता उठा."

"उठलो की रिकामी व्हईल न." सरपंचांनाही हसू आवरलं नाही. चपलावाल्याला दुसरी जागा मिळाली.

याडीचा पाय जुळेपर्यंत दर तिसऱ्या बाजाराला मामा असे बसले. खोटं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ते खरं करून दाखवलं... हे मला फार उशिरा कळलं. पदवीचे पेढे घेऊन मी गेले, तेव्हा हातातला पेढा तसाच धरून ते म्हणाले, "याडीला सांग, टोपली आत घे. आजबी बाहेर हाय."

मामा गेल्यावर याडीने दोन बाजार घरीच काढले. तिसऱ्या गुरुवारी मी रजा घेऊन तिची समजूत घालायला गेले, तर ती टोपली भरत होती. "तिसरा बाजार हाय आज," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले. मामांच्या माघारी रेघा कुणी आखल्या नव्हत्या. कुणीही कुठंही बसलं होतं, रस्त्यापर्यंत. याडी हातपंपाजवळ बसली, मिरच्या नीट लावल्या. मग रस्त्याकडे एकदा बघितलं आणि टोपली वीतभर आत ओढून घेतली.