चिंचेमागची टॉपर

क्लासच्या दारात चपला साचतात ना, तसे किस्से साचतात. सकाळी एकच जोड असतो, पायरीच्या कडेला नीट लावलेला. तासाभरात असा ढीग होतो की आपली चप्पल आपल्यालाच सापडत नाही. आमच्या गल्लीतल्या झाडवाल्या बॅचचे किस्से माझ्याकडे असेच साचलेत. आता दार लागेना, म्हणून लिहायला बसले.

मी लातूरची. शिक्षण दहावी. लोक म्हणतात, ही बाई फार चौकशा करते. आता माझी खिडकी रस्त्यावरच उघडते, त्याला मी काय करू? खिडकीसमोर रस्ता, रस्त्याच्या कडेला जुनी चिंच आणि चिंचेमागे चार मजली क्लास. मेडिकलला जाणारी निम्मी पोरं माझ्या खिडकीखालून गेलीत!

त्यातलीच एक रेवती. देगलूरची. शेजारच्या बिरादारकाकांच्या वरच्या खोलीत राहायची. अंगानं चिमणी, आवाज मात्र एसटीच्या हॉर्नचा. वडिलांचं देगलूरला आडत दुकान. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती, "अम्मा, रविवारच्या टेस्टमध्ये नंबर पन्नासाच्या खाली गेला की पिशवी भरायची आन् देगलूरची एसटी धरायची. डॉक्टरकी खतम!" तिकडं तेलंगणा जवळ, म्हणून लाडानं मुलीलाही अम्मा म्हणतात. लाड तेवढाच, अट मात्र पक्की.

आणि या पोरीच्या डोक्यात शिरलं हवामान!

*

परदेशातली पोरं म्हणे दर शुक्रवारी शाळा बुडवून रस्त्यावर बसतात, पृथ्वी तापली म्हणून. रेवतीनं ते मोबाईलवर पाहिलं आणि आठ-नऊ जणांना चिंचेखाली गोळा केलं. "आपण पण शुक्रवारी कॉलेज बुडवायचं!"

उद्धव नावाचा उदगीरचा मुलगा होता. दुसऱ्यांदा परीक्षा देणारा, म्हणजे बॅचमधला सगळ्यात अनुभवी. तो म्हणाला, "बुडवू की. पण त्यासाठी आधी कॉलेजात जावं लागंल ना?"

खरंच होतं ते. आमच्याकडे पोरांचं नाव कॉलेजात असतं आणि पोरगं क्लासात. प्रॅक्टिकल सोडलं तर कॉलेजचं तोंड कुणी पाहत नाही. सोमवार ते गुरुवार न जाणाऱ्यानं शुक्रवारी बुडवलं, हे कुणाला कळणार?

मग ठरलं, शुक्रवारी कॉलेजात जायचं आणि गेटवर बसायचं. गेले. वॉचमन म्हणाला, "ॲडमिशन पाहिजे का? ऑफिस डावीकडं हाय."

तेवढ्यात प्राचार्य बाहेर आले. नऊ पोरं एकदम बघून त्यांना भरूनच आलं. "अरे, हजेरीपट आणा रे!"

रेवती म्हणाली, "सर, आम्ही संपावर आहोत."

"राहा की!" प्राचार्य म्हणाले. "दर शुक्रवारी या!"

*

मग पोरं पत्रकं वाटत घरोघर फिरली. पहिलं घर बिरादारकाकांचं. रेवतीनं समजावलं, "काका, पृथ्वीचं तापमान दीड डिग्रीनं वाढायच्या आत थांबवायला पाहिजे."

काका झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "अगं, आपल्या लातूरला उन्हाळ्यात बेचाळीस असतंय. साडेत्रेचाळीस झालं तर कुणाला कळणार हाय? खाली-पिली दीड डिग्रीसाठी एवढी धावपळ!"

रेवती म्हणाली, "काका, तुमच्या अंगात दीड डिग्री ताप चढला तर?"

काकांनी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "दीड? अर्धा चढला तरी मुलांना पुण्याहून बोलावून घेतात हे!"

काकांनी पत्रक घेतलं. दोन घेतली.

*

झाडवाल्या बॅचचं नाव झालं, तसे एक पुढारी आले. कोणते ते सांगत नाही, गल्लीत राहायचंय मला. गाडी चिंचेखाली थांबली, इंजिन चालूच, आत एसी चालूच. साहेबांनी काच थोडी खाली करून भाषण केलं. "पोरांनो, हे हवामान बिघडवलं कुणी? मागच्या सरकारनं!"

टाळ्या पडल्या. सोबतच्याच माणसांच्या.

रेवतीनं विचारलं, "साहेब, किती मागच्या? कारण हे दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालंय."

साहेबांनी काच पूर्ण खाली केली. "ऐका! ऐका ही पोरगी काय म्हणून राहिली! दीडशे वर्षं! म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्यापासून चालू हाय हे!"

काच वर गेली. गाडी पुढं गेली. पोरं धुरात उभी.

*

एकदा माझ्यावरही पाळी आली. पोरांनी कार्यक्रम ठेवला आणि बोर्डावर लिहिलं, 'दुष्काळग्रस्त महिलेचे मनोगत.' ती महिला म्हणजे मी! उद्धव बोलवायला आला तेव्हा मी ठेवणीतली इरकल नेसून तयार होते. त्यानं डोक्याला हात लावला. "मावशी, तुम्ही ग्रस्त दिसून नाही राहिल्या!"

"अरे, दुष्काळात काय लोक लग्नाला जात नव्हते का?" मी म्हटलं.

मला दोन मिनिटं दिली होती. मी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातलं सांगितलं. माझी नणंद धर्माबादची. दरवर्षी येताना मिरच्या आणायची. त्या वर्षी मिरच्यांसोबत पाण्याचे दोन कॅन घेऊन आली. सगळी गल्ली बघायला जमली, आहेर आल्यासारखी! आठ दिवसांनी जायला निघाली तर उरलेला अर्धा कॅन तिनं उचलला. म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. मिरच्या ठेवते, पाणी नेते."

सगळे पोट धरून हसले. उद्धव कानात कुजबुजला, "मावशी, लोकांना रडवायचं होतं!"

मी म्हटलं, "बाबा, त्या वर्षी रडायलासुद्धा पाणी नव्हतं. तेव्हाची सवय लागलीय."

*

आता एक कबूल करते. मी गुप्तहेर होते. रेवतीच्या वडिलांनीच नेमलेली. पहिल्या दिवशी माझा नंबर घेऊन गेले होते. "ताई, तुमची खिडकी मोक्याची हाय. जरा लक्ष ठेवा."

दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. "ताई, पोरगी काय करून राहिली?"

"अभ्यास करून राहिली, भाऊ."

एका रविवारी मी हे म्हणते न म्हणते, तोच खिडकीखालून रेवतीचा आवाज, "झाडं वाचवा! पृथ्वी वाचवा!" मागून आठ जणांचा घोष.

"हा आवाज कशाचा?" फोनवरून प्रश्न आला.

माझ्या तोंडून गेलं, "पाठांतर चाललंय, भाऊ. बॉटनीचं!"

भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लई जोरात पाठ करते हो."

*

ही घोषणा उगाच नव्हती. समोरच्या क्लासच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी दर्शनी भिंतीवर लोखंडी सांगाडा चढवला. निकाल लागला की टॉपरचं होर्डिंग लावायला. सांगाडा मोठा, पण चिंच त्याहून मोठी. रस्त्यावरून बघितलं तर नुसता पाला. सरांनी चिंच काढायचा अर्ज दिला. कारण काय लिहिलं? 'भूकंपप्रवण भाग असल्याने वृक्ष धोकादायक.'

पाहणीला महापालिकेचे साहेब आले. पोरांनी झाडाला कडं केलं. सर म्हणाले, "बघा साहेब, उद्या भूकंप झाला तर?"

मी खिडकीतून थेट रस्त्यावर. "उद्याचं कशाला? झालेल्या भूकंपाचं विचारा मला! भूकंपाच्या वर्षी सगळी गल्ली महिनाभर याच धोक्याखाली झोपत होती. चिंचेत भूत असतं म्हणून सासूबाई एरवी तिच्या सावलीतूनसुद्धा जात नव्हत्या. पण तेव्हा भुतापेक्षा भिंतीची भीती जास्त! माझ्या थोरल्याचा पाळणा त्या फांदीला होता. ती, डावीकडची."

साहेबांनी फांदीकडं पाहिलं. "मग पडलं काय काय?"

"झाडाचं पानसुद्धा नाही. तडा गेला तो समोरच्या घराला. ते पाडून तिथं हा क्लास झाला. धोकादायक लिहायचंच असेल तर तिकडं लिहा!"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. लातूरमध्ये लग्न असो, घराचा रंग असो, की भावकीतलं भांडण असो, अवघड झालं की एकच वाक्य म्हणायचं असतं. ते त्यांनी म्हटलं, "निकालानंतर बघू."

म्हणजे निकालापर्यंत चिंच वाचली. निकालानंतर होर्डिंग चढणार आणि चिंच जाणार.

*

मग पोरांनी धरणं धरलं. रोज संध्याकाळी चिंचेखाली. पण टेस्ट डोक्यावर, म्हणून पुस्तकांसकट. कुणीतरी तक्रार केली की रस्त्यावर जमाव जमलाय. हवालदार आले, तर नऊ डोकी खाली घालून प्रश्न सोडवून राहिलेली. घोषणा नाही, झेंडा नाही.

"हे आंदोलन हाय का लायब्ररी?" हवालदारांनी विचारलं.

उद्धव वर न बघता म्हणाला, "साहेब, दहा मिनिटं थांबा. घोषणा सातला आहेत."

हवालदार थांबले. त्यांचाही मुलगा दहावीला होता. जाताना चांगल्या क्लासचं नाव विचारून गेले.

एका रविवारी सातच्या ठोक्याला घोषणा सुरू झाल्या आणि मला खिडकीतून कोपऱ्यावर एक माणूस दिसला. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. रेवतीचे वडील! न सांगता, न कळवता. मी धावत खाली. "भाऊ, चहा घ्या आधी. आत या, आत या!" आणि त्यांना रस्त्याकडं पाठ करून बसवलं. कपाला हात लावायच्या आत रेवतीचा आवाज घुमला, "चिंच वाचवा!"

भाऊंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग म्हणाले, "ताई, आज बॉटनीचा कोणता धडा हाय?"

मी साखर हवी का ते विचारलं.

ते उठले, चिंचेखाली गेले. भाऊंनी रिकामी पिशवी रेवतीपुढं धरली. "टेस्टचा नंबर काय आला?"

"त्रेचाळीस, अप्पा."

भाऊंनी पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "पन्नासाला सातच कमी हायत. ध्यानात ठेव." आणि उभ्या उभ्या परतीची एसटी धरली. चहा तसाच राहिला. बॉटनीचा किस्सा मी रात्री रेवतीला सांगून टाकला.

त्या दिवसापासून अभ्यास दीड तासानं वाढला आणि घोषणा सातऐवजी साडेआठला सुरू झाल्या.

*

निकाल लागला. रेवती क्लासमधून पहिली!

बिरादारकाकांच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. मोठे सर पेढे, हार आणि फोटोग्राफर घेऊन आलेले. त्यांच्यामागे पलीकडच्या गल्लीतल्या क्लासची माणसं, त्याहून मोठा पेढ्यांचा बॉक्स घेऊन. कारण रेवतीनं शेवटचा महिना त्यांची टेस्ट सीरिज दिली होती. आमच्याकडे एकाच टॉपरचा फोटो दोन-तीन क्लासवर झळकतो. ज्याचा आधी लागला, त्याचा टॉपर! भाऊ देगलूरहून पहाटेच आलेले, नवी टोपी घालून.

सरांनी कागद पुढं केला. "बेटा, फोटोसाठी इथं सही कर."

रेवती म्हणाली, "करते सर. आधी तुम्ही लिहून द्या, चिंचेचा अर्ज मागं घेतला म्हणून."

"अगं, मग होर्डिंगवर तूच दिसणार नाहीस!"

"चालंल."

भाऊ ताडकन उठले. "अम्मा! काय बोलून राहिलीस? तुझा फोटो बघायला मी आख्खी बाजारपेठ घेऊन येणार हाय! गाडी सांगून ठेवलीय!"

रेवती त्यांच्याकडं बघून हळूच म्हणाली, "अप्पा, बॉटनीत पैकीच्या पैकी पडलेत."

सरांनी जिन्यावरच्या, पलीकडच्या क्लासच्या मोठ्या बॉक्सकडं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

आठव्या दिवशी देगलूरची जीप आमच्या गल्लीत थांबली. आत नऊ व्यापारी, टपावर दोन. सगळे उतरून वर बघायला लागले. मी अर्थातच खिडकीत. समोर चिंच, हिरवीगार, भरलेली. तिच्यामागं रेवतीचं होर्डिंग. पाल्याच्या एका फटीतून मार्कांचा शेवटचा आकडा दिसत होता आणि दुसऱ्या फटीतून एक कान. कानात कुडी.

"आडत्या, पोरगी कुठाय?" एकानं विचारलं.

भाऊ डावीकडं गेले. उजवीकडं गेले. उकिडवे बसले. शेवटी जीपच्या बॉनेटवर चढले.

"दोन फांद्या उडवल्या की झालं," दुसरा म्हणाला. "गाडीत कोयता हाय. काढू का?"

भाऊ बॉनेटवरून खाली उतरले. टोपी नीट केली.

"कोयता राहू दे गाडीत. कान दिसून राहिला की! कान माझ्या आईचा हाय."

आणि देगलूरची आख्खी बाजारपेठ माना वाकड्या करून कान बघू लागली.