उसने कान

दवाखान्यातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पेशंट छत्री विसरतो, डब्याची पिशवी विसरतो, तसाच एखादा किस्साही मागे ठेवून जातो. छत्री न्यायला कधीतरी कोणी परत येतं. किस्सा आपल्याकडेच राहतो! माझ्याकडे असे बरेच पडून आहेत. मैत्रिणी विचारतात तेव्हा हसण्यासारखे तेवढे सांगते. आज बाकीचेही सांगते.

माझी पहिली नोकरी ज्या सरांकडे, त्यांचा दवाखाना कांजूरमार्गला, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. एका चाळीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. बाहेरच्या गाळ्यात पेशंटचा बाक आणि गावकर कंपाउंडरांचं काउंटर, आतल्यात सर. मध्ये हिरवा पडदा. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे बाकावरची निम्मी माणसं एकेकाळची गिरणीवाली, आता मिळेल ते करणारी.

मी मुलुंडची. एमबीबीएस झालेली, इंटर्नशिप नुकतीच संपलेली, आणि मागून कोणी शिंकलं तरी दचकणारी. असली मुलगी डॉक्टर कशी झाली, ह्याचं उत्तर आमच्या घरी अजून कोणाला सापडलेलं नाही.

इंटरव्ह्यूला सरांनी पुस्तकातलं काहीच विचारलं नाही. बाकावरच्या एका म्हाताऱ्यांना आत बोलावलं आणि मला म्हणाले, "ह्यांची छाती ऐक आणि काय ते सांग."

मी नळी लावली. ऐकलं. इंग्रजीत म्हटलं, उजवीकडे खाली घरघर आहे, बाकी साफ. मी बोलत होते तेव्हा सर माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, लिपस्टिक जास्त झाली वाटतं!

म्हातारे गेल्यावर मी विचारलं, "बरोबर होतं का, सर?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"मला कळायला मार्ग नाही," सर म्हणाले. "बोलणं कळतं अजून, कोणी समोर बसलं तर. ओठ बघून भागतं. छातीतलं ऐकू यायचं बंद झालं."

पलीकडे गावकरांनी बाटलीला बूच लावलं, त्या आवाजाने मी उडाले. सरांना अर्थात तो आवाज आला नाही.

"बाहेर कळलं तर शटर खाली," ते म्हणाले. "डॉक्टरलाच ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण येईल? आणि न येणारे बरोबरच असतील. गावकरला माहीत आहे. आता तुला. येशील?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही धीर लागतो!

∗

कामाची रीत सरांनी ठरवून दिली. पेशंट स्टुलावर, सरांच्या समोर. आधी मी तपासायचं. मग पेशंटच्या मागे जाऊन उभं राहायचं. सर आपला स्टेथोस्कोप कानात घालून पेशंटच्या छातीला लावणार, क्षणभर डोळे मिटणार, आणि उघडून त्याच्या खांद्यावरून माझ्या हाताकडे बघणार. एक बोट म्हणजे साफ. दोन बोटं म्हणजे छाती भरलेली. मूठ म्हणजे हृदयाचं काहीतरी आहे, मोठ्या हॉस्पिटलात पाठवा.

"तुम्ही परत कशाला लावायचा, सर? मी सांगितलं की झालं ना."

"तुझ्यासाठी नाही लावत. त्यांना सवय आहे."

पहिल्याच दिवशी माझी वाट लागली. नाडी मी कागदावर लिहून देत होते, आणि येईल त्याची नाडी भरधाव! खोकलेवाल्याची, पायाला गळू झालेल्याची, नुसती तब्येत दाखवायला आलेल्या धडधाकट माणसाचीही. सर कागद बघत होते आणि पेशंटचे चेहरे बघत होते. दुपारी म्हणाले, "आज आख्ख्या कांजूरला ताप चढलाय का गं?"

मग त्यांनी माझा हात धरला आणि पेशंटच्या मनगटावर दाबलेला माझा अंगठा उचलला. "अंगठ्यात आपली स्वतःची नाडी उडते. सकाळपासून तू तुलाच मोजत्येस!"

बाहेरून गावकर म्हणाले, "मगे तिकाच औषध देवक् होया!"

∗

परब म्हणून एक होते. गिरणीत आयुष्य गेलेलं, संपानंतर भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. दम्याचा त्रास, त्यामुळे दर आठवड्याला हजर. गावकरांच्या गावाकडचे, म्हणून काउंटरपाशी दोघांचं मालवणीत आधी गाऱ्हाणं, मग तपासणी.

मी परबांना बसवलं, घड्याळ पुढे धरलं आणि अदबीने सांगितलं, "परबकाका, आता मी तुमचा श्वास मोजत्येय हं."

परब ताठ बसले. मी बघत राहिले. छाती हलेना. परत बघितलं. हलेना! माणूस लाल व्हायला लागला.

"सर! सर, ह्यांचा श्वास…"

परबांनी भस्सकन श्वास सोडला आणि खोकायला लागले. "गे बाय, तू मोजतंस म्हणून मी धरून ठेवललंय! लवकर मोज मगो!"

सर हसले नाहीत. परबांचं मनगट हातात घेऊन नाडी मोजतोय असं दाखवत राहिले, आणि डोळ्यांनी छातीचं वर-खाली मोजत गेले. नंतर मला म्हणाले, "श्वास मोजताना सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो."

परबांचं ब्लडप्रेशर तर मी घेतलं की हमखास जास्त. सरांनी घेतलं की खाली. (ते त्यांना मनगटावर नाडी परत लागते तिथे काटा बघून, हाताने कळायचं. वरचा आकडा तेवढा.) सरांनी एकदा मला पट्टा गुंडाळताना पाहिलं. म्हणाले, "तू स्वतः श्वास धरून बसतेस. ते बघून परब घाबरतात. आधी तू सोड, मग पट्टा सोड."

तेव्हापासून परब बसल्याबरोबर मलाच बजावायचे, "सोड गे आधी श्वास!"

∗

सगळ्यात भीती वाटायची ती बोटांची. एका बाईंची छाती मी ऐकली, काहीच नव्हतं, साधी सर्दी. मागे जाऊन एक बोट धरलं. सरांनी नळी लावली, डोळे मिटले, आणि नेमकी वरच्या बिऱ्हाडातल्या कुकरने शिट्टी मारली. मी दचकले, दोन बोटं उघडली. सरांनी डोळे उघडले ते त्याच क्षणी.

चेहरा गंभीर. "छाती भरल्येय हो."

बाईंचं तोंड उतरलं. मी मागून जिवाच्या आकांताने एक बोट नाचवत होते. सरांनी बघितलं, परत बघितलं.

"पुन्हा घ्या बरं श्वास." परत नळी, परत डोळे. "नाही. गेलं."

"गेलं?"

"आत्ता होतं. गेलं."

त्या बाईंनी चाळीत काय सांगितलं असेल ते असेल. दुसऱ्या दिवशी बाकावर जागा नव्हती. नुसती नळी लावून छाती मोकळी करणारे डॉक्टर म्हणून लोक नाहूरहून यायला लागले!

गावकर खूश. सर नव्हते. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "उद्यापासून स्टुलामागे एक खुर्ची ठेव आणि तिची पाठ धरून उभी राहा. बोटं पाठीवर ठेव, म्हणजे हलणार नाहीत."

मी त्यांच्या समोर गेले. "सर, एक विचारू? हे फसवणं नाही का?"

"पेशंटची तपासणी होत्येय की नाही?"

"होत्येय."

"औषध बरोबर मिळतंय की नाही?"

"मिळतंय."

"मग?" त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "आहे," म्हणाले. "थोडं आहे."

∗

मुठीचा किस्सा मी कोणाला सांगत नाही.

भांडुपची एक मुलगी, कॉलेजात जाणारी, आईबरोबर आली. जिना चढली की धाप लागते म्हणून. आईचं म्हणणं, खात नाही, दुसरं काही नाही. मी नळी लावली. ठोक्यांच्या मध्ये काहीतरी होतं. अगदी बारीक, लांब कुठेतरी जात्यावर दळल्यासारखं. परत ऐकलं, तर माझंच हृदय कानात एवढं वाजायला लागलं की मुलीचं ऐकू येईना. तिला डाव्या कुशीवर झोपवलं. परत आलं. की मला वाटलं?

मागे जाऊन मी मूठ केली. सरांनी मुठीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. नक्की? असं ते डोळ्यांनी विचारत होते, आणि त्या आख्ख्या दवाखान्यात नक्की सांगू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं. दुसरे कान नव्हते.

मी मूठ सोडली नाही.

सरांनी चिठ्ठी लिहिली. त्यानंतर मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. मूठ चुकीची असेल तर एका मुलीला नसलेला आजार चिकटवला. लग्नाचं वय, लोक काय काय बोलतात! आणि बरोबर असेल तर ते आणखीनच वाईट. नक्की काय व्हावं म्हणून देवाजवळ मागायचं, तेच कळेना.

काही दिवसांनी आई पेढे घेऊन आली. हृदयाची झडप आकुंचन पावलेली निघाली, ऑपरेशन ठरलं होतं, वेळेवर कळलं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी शाबासकी दिली होती. बाई सरांच्या पाया पडल्या. "डॉक्टर, काय कान आहेत तुमचे! मशीनलासुद्धा आधी सापडलं नव्हतं!"

सर टेबलाकडे बघत होते. मग माझ्याकडे हात केला. "हिचेही चांगले आहेत."

"हो, हो," बाई मायेने म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."

त्या गेल्यावर सरांनी पेढ्यांचा आख्खा बॉक्स माझ्या पुढ्यात सरकवला. दोघांपैकी कोणी एकही उचलला नाही.

∗

मे महिना. पंखा बंद, लाइट गेलेले. उकाड्याने जीव नको झाला म्हणून गावकरांनी हिरवा पडदा वर बांधून टाकला होता. बाकावरच्या सगळ्यांना आतलं दिसत होतं.

यमुनाबाई आली. कांजूर गावातली कोळीण, मासळीची पाटी घेऊन दारोदार जाणारी, सगळ्यांना तू म्हणणारी. दोन पावलं चालली की थांबत होती. मी छाती ऐकली. डावीकडे खाली भरलेली. मागे जाऊन खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं ठेवली.

सर सकाळपासून थकलेले होते. त्यांनी स्टेथोस्कोपची चकती यमुनाबाईच्या छातीला लावली. डोळे मिटले.

नळ्या गळ्यात तशाच लोंबत होत्या. कानात घालायच्या राहिल्या होत्या.

खोकावं? काही पाडावं? पाडून काय उपयोग, त्यांना ऐकू कुठे येणार!

"डाक्टर," यमुनाबाई म्हणाली, "नळी कानान नाय घातलीस."

सर डोळे मिटून ऐकत होते.

"अरं डाक्टर! नळी!"

ती मासळी विकते त्या आवाजात म्हणाली. रस्त्यापलीकडे गेला असेल. सरांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तसेच, लक्ष देऊन, मान जराशी कलती करून, ऐकत होते.

बाकावरचं बोलणं थांबलं. गावकरांच्या हातातली बाटली हातातच राहिली. यमुनाबाईने सरांकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे, मग खुर्चीच्या पाठीवरच्या माझ्या दोन बोटांकडे. ती बोटं मला उचलता आली नाहीत.

तिने हात पदराला पुसले. सरांच्या गळ्यातल्या नळ्या उचलल्या आणि एक एक करून त्यांच्या कानात घातल्या, पोराला टोपी घालतात तशा.

सर दचकले. डोळे उघडले. समोर तिचा चेहरा, त्यापलीकडे बाकावरचे सगळे चेहरे. त्यांनी चकतीकडे बघितलं, कानाला हात लावला. त्यांच्या लक्षात आलं.

यमुनाबाई त्यांच्या अगदी तोंडासमोर झाली. ओठ सावकाश हलवत म्हणाली, "आता आयक. मना घाई नाय." आणि कोणी न सांगता तिने लांब श्वास घेतला.

सरांनी ऐकलं. खूप वेळ. मग माझ्या हाताकडे न बघता खाली बघून औषध लिहिलं. नेहमीचं अक्षर नव्हतं. गावकरांनी मिक्श्चर दिलं, ती पाटी उचलून गेली.

मी बाकाकडे बघायचं टाळत होते. उठल्याचे, चपला सरकवल्याचे आवाज येतील म्हणून वाट बघत होते. सरांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला, नीट घडी घालून, ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायच्या आधी ठेवतात तसा.

"पुढे कोण?" गावकरांनी विचारलं.

परब उठले. आत आले, शर्टाची बटणं सोडली. स्टुलावर बसता बसता थांबले, मागे वळून खुर्चीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं, आणि स्टूल हातभर डावीकडे सरकवून बसले.

सरांकडे तोंड करून, एक एक शब्द सुटा सुटा म्हणाले, "आता दिसतां मा, तिचो हात?"