कोपऱ्यावरचा गडी

बडनेरा स्टेशन, बावीस वर्षांपूर्वीच्या जुलैतला बुधवार. हजर: आई, बाबा, धाकटा भाऊ विलास आणि बाबांच्या कबड्डी मंडळातले चौघे. माझ्याजवळ सहाशे डॉलर. बाबांनी फिक्स डिपॉझिट मोडून करून दिलेले. गाडी हलली तेव्हा आई रडत होती आणि बाबा खिडकीच्या बरोबरीनं चालत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "आजचं नको पाहू. पाच वर्षांनंतरचं पाहा."

मी ते वाक्य पाळलं. मिशिगनमध्ये ट्रॉयला घर घेतलं ते सईच्या जन्माआधी, तिला पुढे शाळा कुठली मिळेल हे बघून. गाडी, इन्शुरन्स, दुसरं मूल नको हा निर्णय, सगळं त्याच मापानं. अमरावतीत राहिलेले म्हणतात, म्हणून तर तू पुढे गेलास. इकडे आलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या स्टेशनवर कोणीतरी असंच काहीतरी म्हटलेलं असतं.

हे सगळं या ऑक्टोबरात एका फुटबॉलपटूवरून वर आलं.

फुटबॉल, म्हणजे इकडचा, हातात धरून पळायचा फुटबॉल, मला सईनं शिकवला. ती अकरावीत आहे आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. शुक्रवारच्या सामन्यांना बँड स्टँडमध्ये बसतो, तिथे बसून बसून तिला खेळ कळला आणि तिच्याकडून मला. आमच्या शहराच्या व्यावसायिक टीममध्ये एक कॉर्नरबॅक होता. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, समोरून धावत येणाऱ्याला चिकटून पळायचं आणि त्याच्या हातात चेंडू पडू द्यायचा नाही, हे त्याचं काम. सईच्या अंगावर रविवारी त्याचीच जर्सी.

टीमची अवस्था वाईट: आठ सामने, तीन विजय. बातमी आली की त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकण्याचं चाललंय. बदल्यात ड्राफ्ट पिक्स, म्हणजे वसंतात कॉलेजमधली नवी पोरं निवडायचा हक्क. जितकी आधीची फेरी, तितका तो हक्क मोलाचा. देवाणघेवाणीची मुदत मंगळवारी दुपारी चारला संपणार होती.

त्याच मंगळवारी मलाही ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. कंपनीनं मला टेक्ससला, अर्विंगच्या ऑफिसात मोठी जागा देऊ केली होती. पगार वीस टक्क्यांनी जास्त आणि तिकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. नाही म्हटलं तर ट्रॉयचा आमचा ग्रुप मार्चनंतर राहील याची खात्री नव्हती. जानेवारीत निघायचं, म्हणजे सईची अकरावी अर्ध्यात सोडायची. पुढच्या वर्षी ती बँडमध्ये सेक्शन लीडर होणार होती. तिला सांगितलं तेव्हा ती "ओके" म्हणाली. आठवडाभर त्यावर दुसरा शब्द नाही.

रविवारी सकाळी नागपूरचा प्रमोद आला. तो दर रविवारी सामन्याच्या आधी आमच्याकडे पोहे खायला येतो.

"देऊन टाका यार त्याला," तो म्हणाला. "एक फर्स्ट राउंड, एक थर्ड राउंड मिळून राहिलाय. अजून काय, वर शाल-नारळ पाहिजे?"

"काका, ही इज नॉट अ यूज्ड कार," सई म्हणाली.

मी हिशोब मांडला. वय एकोणतीस. तिशीनंतर या जागेवरच्या माणसाचा वेग उतरतो. मार्चमध्ये करार संपतो, मग तो फुकट निघून जाईल. हे वर्ष तर गेलंच आहे. आज दिला तर तीन वर्षांनी टीम उभी राहील.

अर्चनानं, माझ्या बायकोनं, कढई सिंकमध्ये ठेवली. "तू नक्की कोणाचा हिशोब करतोयस?"

सई माझ्याकडे बघत होती. "यू आर राइट, पप्पा. नंबर्स तुझ्याच बाजूनं आहेत." मग अगदी शांतपणे विचारलं, "माझे किती पिक्स येतील?"

प्रमोदनं प्लेटमधली मिरची बाजूला काढायला घेतली. तेवढ्यात साडेदहाचा व्हिडिओ कॉल वाजला. बाबांचा, तिकडे रात्रीचे आठ. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे. आई जाऊन सहा वर्षं झाली, ते विलासकडे असतात.

"चेहरे काहून असे?" त्यांनी लगेच विचारलं.

सईनं फोन हातात घेतला आणि मोडक्या मराठीत आजोबांना कॉर्नरबॅक समजावला. बाबा तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा खेळायचे. त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"म्हणजे कोपऱ्यावरचा गडी! अन् तो देऊन राहिले? पकड तर तोच सुरू करते बाप्पा." मग जरा विचार करून म्हणाले, "पण असू दे. टीमला गुण मिळाला की येईल ना परत आत?"

कबड्डीत तसं असतं. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या कोणी समोरचा बाद केला की जिवंत होऊन परत येतो. बाबांनी हाही खेळ तसाच धरला होता. प्रमोद हसला.

"नाही बाबा," मी म्हणालो. "दिला की गेला. परत येत नाही. त्याच्या जागी नवीन येतात."

कॉल अडकला असं वाटलं मला. पण त्यांच्या मागे पंखा फिरत होता.

"तुला धाडलं तवा मला वाटलं, येईल परत," ते म्हणाले. "हिशोबानं बरोबरच होतं ते. तुझं चांगलं झालं, विलासचं शिक्षण झालं, आईचं ऑपरेशन झालं. चूक नव्हती. पण जेवायला बसलो की गडी एक कमी असते. ते कुठं मांडायचं, मला नाही समजलं."

सईला त्यातलं किती कळलं, ठाऊक नाही. तिनं फोन माझ्याकडे दिला नाही. स्वतःच धरून बसली.

मंगळवारी तीन वाजता मी मॅनेजरला नाही म्हणून कळवलं. "आर यू शुअर?" असं त्यानं दोनदा विचारलं. चारला दहा मिनिटं कमी असताना बातमी आली, कॉर्नरबॅक गेला. ज्या किमतीची चर्चा होती ती आलीच नाही.

संध्याकाळी मी सईला सांगितलं की आपण जात नाही आहोत. ती फोनमध्ये बघत होती. "सेकंड अँड फोर्थ," ती म्हणाली. "फर्स्ट नाहीच मिळाला. दे गॉट रॉब्ड, पप्पा." मग उठली आणि न सांगता तीन ताटं घेतली. एरवी हे काम तिला तीनदा सांगावं लागतं.

बाबांना कळवलं तर त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनंतरचं पाहिलं का?" पाहिलं. दोनच वर्षांनी सई कॉलेजला जाईल, बहुतेक दुसऱ्या राज्यात. मग आमच्याही टेबलावर गडी एक कमी असेल, आणि तो गुण मिळवून परत येणारा नाही. पूर्वी घर म्हटलं की अमरावती डोळ्यांपुढे यायची, मग ट्रॉयचा पत्ता. आता जेवताना सगळे गडी आत असले की तेवढ्यापुरतं ते घर, असं मी धरतो.

तर शेवटी दिलं ते असं. टीमनं एक कॉर्नरबॅक दिला. मिळाला एक दुसऱ्या फेरीचा आणि एक चौथ्या फेरीचा पिक. मी अर्विंगची जागा सोडली, ती पुण्याच्या एका सहकाऱ्याला मिळाली. आमचा ग्रुप बंद होतोय, मार्चपासून मी इथेच टेस्टिंगमध्ये असेन, एक पायरी खाली, अकरा टक्के कमी पगारावर. हे सगळं सईला दिलं, दोन वर्षांसाठी. पावती मागितलेली नाही. शुक्रवारी स्टँडमध्ये थंडीत बसलो होतो, तेव्हा तिनं ट्रॉम्बोन खाली ठेवून मी कुठे आहे ते एकदा शोधलं.