सगळ्याला 'नाय'

ऑपरेशनआधी विचारायच्या प्रश्नांचा कागद मी स्वतः तयार केला होता, आणि त्याचा मला भारी तोरा होता. कर्जतच्या एका छोट्या दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. त्याआधी पेशंटची माहिती सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेलीही मी पाहिली होती. माझ्या कागदावर ओळीने बारा प्रश्न होते. दमा आहे का, फिट येते का, सकाळपासून काही खाल्लं का. पुढे फक्त हो किंवा नाही लिहायचं.

महिनाभर सगळे पेशंट इतके निरोगी निघाले की मी खूश. एक जरी 'हो' निघालं तरी सर्जन परत पाठवतात, ही बातमी गावोगाव पोचली होती. फक्त माझ्यापर्यंत पोचली नव्हती. बाहेरच्या बाकावर जुने पेशंट नव्यांचा चक्क क्लास घेत.

एका गुरुवारी पोशीरचे एक शेतकरी काका हर्नियाच्या ऑपरेशनला आले, सोबत काकू. सर्जन फक्त गुरुवारी येत, आणि काकांना पावसाआधी बरं होऊन नांगर धरायचा होता. मी विचारत गेले, ते "नाय" म्हणत गेले. मला संशय आला. हर्निया आहे का? "नाय." लग्न झालंय का? "नाय."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच घाबरले.

मग मी माझा लाडका कागद पालथा घातला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "काका, आज न्याहारीला काय होतं?"

काका खुलले. "तांदळाची भाकर नि सुकटीची चटणी. हिच्या हातची. पन कागदावर लिवू नका, बाई."

मी तडक सर्जनना जाऊन सांगितलं. भरल्या पोटी भूल दिली असती तर उलटी फुप्फुसात जाऊन माणूस टेबलावरच गेला असता. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं आणि काका माझ्याशी बोलेनासे झाले. मी बसून सगळे प्रश्न नव्याने लिहिले. नुसत्या हो-नाहीवर भागेल असा एकही ठेवला नाही.

पुढच्या गुरुवारी काका उपाशी आले, ऑपरेशन नीट झालं. टाके काढायला आले तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांचाच क्लास भरलेला. मी दाराआडून कान दिला.

"बाईंना खरंच सांगायचं रं," ते एका नव्या पेशंटला समजावत होते. "नायतर त्या बायकोच्या देखत लगीन झालंय का इचारतात."