डोंगराआधीचा मुक्काम

कस्तुरी जपानात, ग्योतोकुला आली तेव्हा तिला जपानी नमस्कारापुरतंच येत होतं. स्टेशनजवळच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात अर्धवेळ काम धरलं आणि ती फोनवर ऑर्डर घ्यायला शिकली. तिच्या नवऱ्याचं, सारंगचं जपानी ऑफिसात इंग्रजीच्या आधाराने उभं असायचं. त्यामुळे पुण्याहून आलेल्या सासूसासऱ्यांनी शिकोकू बेटावरच्या मंदिरांची पदयात्रा चार दिवस तरी चालायची ठरवली, तेव्हा मुक्काम ठरवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

तिने ते सासूबाईंच्या, सिंधूबाईंच्या गुडघ्याकडे बघून केलं. सकाळी उठताना त्या आधी भिंतीला हात लावत, मग कुणी बघितलं नाही ना ते बघत. कस्तुरीने बघितलं होतं. म्हणून टप्पे छोटे, आणि मोठ्या चढाच्या आदल्या रात्री पायथ्याशीच मुक्काम. तिथे यात्रेकरूंना उतरवून घेणारं एकच घर होतं. ते एक म्हातारी चालवायची. खोलीत जायला जिना आहे का, जेवणात मासळी टाळता येईल का, जमिनीवरच्या गादीवरून उठायला आधार असेल का, सगळं कस्तुरीने विचारून घेतलं.

प्रल्हादरावांना हे पसंत नव्हतं. नकाशावर पट्टी ठेवली की वळणांची वाट सरळ व्हायची. "सूनबाई, यात्रेला चाललोय की डोहाळजेवणाला?" ते विचारायचे. रोज संध्याकाळी एखादा मुक्काम पुढे सरकायचा. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या दाराशी उभी राहून कस्तुरी नव्याने फोन करायची, माफी मागायची, जपानी रीतीने समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार करायची. लॅपटॉपमधून मान न काढता सारंग म्हणायचा, बाबांना हवं तसं करून टाक ना. सिंधूबाईंना विचारावं तर त्यांचं ठरलेलं, हे म्हणतील तसं. कस्तुरीला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा.

डोंगराखालचा मुक्काम मात्र तिने हलवू दिला नाही. तेव्हा सारंगने तिला न सांगता, त्याच रात्रीसाठी डोंगरापलीकडची एक जागा ईमेलवर ठरवून टाकली. दोन्ही हाताशी असू देत, आयत्या वेळी जमेल तिथे राहतील.

रविवारी दुपारी म्हातारीचा फोन आला. पलीकडचा मालक तिच्या ओळखीचा निघाला. एकाच नावाचे पाहुणे दोन्हीकडे कसे, असं तिने विचारलंच नाही. आम्हा दोघांपैकी भाजी कुणी आणून ठेवायची, एवढंच विचारलं, आणि इतक्या अदबीने की कस्तुरीचे कान तापले.

फोनवर हात ठेवून तिने सारंगला विचारलं.

"अगं, एक कॅन्सल करायचं. त्यात काय एवढं?"

"मग तूच कर." तिने फोन त्याच्या हातात दिला.

सारंग बसल्या बसल्या बोलू लागला. मग उभा राहिला. हळूहळू त्याची पाठ वाकत गेली.

"आईसाठी खुर्ची आणून ठेवलीय म्हणतेय," तो खोलीतल्या सगळ्यांकडे बघून म्हणाला. "गावातल्या शाळेतून मागून. गुडघ्यासाठी."

"कुणाच्या गुडघ्यासाठी?" प्रल्हादरावांनी विचारलं.

सिंधूबाईंनी निवडायला घेतलेली कोथिंबीर खाली ठेवली. "माझ्या. मी तिथेच राहणार. तुम्हाला पुढे जायचं तर जा."

प्रल्हादरावांची पट्टी नकाशावर तशीच राहिली. म्हातारीला तसं कळवून सारंगने फोन ठेवला. आता पलीकडच्या मालकाला नकार कळवायचा होता. त्याने आशेने फोन कस्तुरीपुढे धरला.

तिने कोथिंबिरीची उरलेली जुडी आपल्याकडे ओढली.