घोडनदीवरचा अबोला

महाळुंगे पडवळचे गेणभाऊ आणि जानकू, सख्खे भाऊ. सामाईक विहिरीच्या मोटारीची पाळी कुणाची, यावरून एकदा तोंडाला तोंड लागलं आणि दोघं बोलेनासेच झाले. पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत जायला लागली, अबोला आपला तसाच. गेणभाऊ म्हणायचा, थोरल्यानं का नमतं घ्यावं? जानकू म्हणायचा, धाकट्याला काय मान नाय व्हय? आता यांना कुणी शहाणपण शिकवायचं!

आणि मजा बघा, रविवार आला की हेच दोघं घोडनदीवर गळ टाकून शेजारी शेजारी बसत. बापानं लावलेला नाद तो. कणकेच्या गोळ्या गेणभाऊनं मळायच्या, गळ जानकूनं बांधायचे. सांजच्याला माशांचे दोन वाटे गेणभाऊ करायचा, आणि वाटे करणारानं मागून उचलायचं हाही बापाचाच नियम. जानकू दर खेपेला लहान वाटा उचलायचा आणि मुकाट वाटेला लागायचा. गेणभाऊला ते दिसायचं. आज बोलू असं फार वाटायचं, पण जीभ काही रेटायची नाही. राहू दे, पुढच्या रविवारी बघू.

ऐन थंडीत जानकूला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

गेणभाऊ एकटाच नदीवर गेला. गळ काही त्याला बांधता येईना, दोरा गुंतला, शेजारचा दगड रिकामा. म्हातारा हमसून हमसून रडला. मासे काय, मंचरच्या बाजारातही मिळतात. आपण भावाजवळ बसायला यायचो, हे त्याला आत्ता उमगलं. गळाची काठी तिथंच टाकून तो तडक जानकूच्या घरी गेला आणि खाटेजवळ खाली बसला.

"जानकू, माझं चुकलं रं. लई वर्सं चुकलं."

जानकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गेणभाऊचा जीव भांड्यात पडला. भावजय चिमाबाई उशाशी होती, तिला तो म्हणाला की बघ, विरघळला माझा भाऊ.

चिमाबाई घुटमळली. पण थोरल्या दिराशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"दादा, त्यास्नी आता कशानंबी रडू येतं. सकाळी गाय हंबरली तवाबी असंच रडलं."

गेणभाऊनं भावाचा हात हातात घेतला. जानकूनं माफ केलं का नाही, हे सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो समोर नुसता रडत होता.